आइलीच्या टेपचा वेग

लॅपलँडमधल्या आमच्या वेधशाळेतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली. जुन्या टेपा संगणकावर चढवायचं काम आता मिर्वाकडे आहे. अडलं की ती मला बोलावते.

“ओइवा, ही टेप पळतेय की रांगतेय, कळत नाही. शेवटची वेळच सांगितलेली नाही.”

कुठली टेप ते मी लगेच ओळखलं. चुंबकीय वादळात पृथ्वीभोवतीचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, ढवळून निघतो, त्यात लहरी उठतात. सकाळच्या वेळी त्या तारेच्या वेटोळ्याच्या अँटेनावर पकडल्या, की पाखरांच्या किलबिलीसारख्या ऐकू येतात. विजेच्या तारांची घरघर नको म्हणून आम्ही स्कीवरून दूर जंगलात जायचो. सुरुवातीला आणि शेवटी वेळ मोठ्याने सांगायची. त्यावरून टेपचा वेग ठरतो. त्या सकाळी मात्र माझी सहकारी आइली आणि मी एकाच हेडफोनला दोन बाजूंनी कान लावून ऐकत राहिलो. टेप संपून चक्र रिकामं फिरत होतं; शेवटची वेळ सांगायची राहूनच गेली.

परतताना मी तिला नियम सुनावला. उन्हाळ्यात ती वेधशाळा सोडून ओउलू शहरात राहायला निघाली. ‘जाऊ नकोस’ म्हणायचं होतं. मी निघण्याची नोंदवही पुढे केली, तिने सही केली. तीन वर्षांपूर्वी ती वारल्याचं पेपरात वाचलं.

“तिचा आवाज तुम्हालाच माहीत,” मिर्वा म्हणाली. “मी वेग बदलते. बरोबर वाटला की सांगा.”

‘सहा वाजून चौदा मिनिटं,’ टेपवर आइली पुन्हा पुन्हा सांगू लागली. वेगाप्रमाणे कधी ती शाळकरी मुलगी वाटे, कधी पडसं झालेली.

“हा?”

“असेल.”

“मघाशीही ‘असेल’च म्हणालात. बायकोचा आवाज तरी ओळखता आला असता का तुम्हाला?”

“लग्न नाही केलं मी.”

“तरीच.”

मी आणखी हळू लावायला सांगितलं. तिथे ती बोलायला जरा जास्त वेळ घेत होती.

“अहो, इथे पाखरांची बेडकं झाली.”

ते खरं होतं. पस्तीस वर्षं रोज ऐकतोय असं वाटणारा आवाज मला ओळखता येत नव्हता.

“‘वेग अनिश्चित’ लिही,” मी म्हणालो.

“मग ही टेप कुणी वापरणार नाही. एवढं मोठं वादळ, ओइवा.”

“माहीत आहे.”

ती कॉफी आणायला गेली. मी टेप पुन्हा सुरुवातीला नेली आणि वेग थोडा वाढवला. त्या वेगाला ती आइली वाटत होती. निदान मला तसं हवं होतं.