किटणाखालचे साल

मित्रांनो, मला हातात घेणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारतो, "चांदीचं आहे का?" नाही हो, नाही! थोडीशी चांदी, बाकी सगळे तांबे. मी इजिप्तमधले एक जुने रोमन नाणे आहे. माझ्या एका अंगाला दाढीवाला बादशहा आहे आणि दुसऱ्या अंगाला गरुड. वय दोन हजारांना थोडे कमी. एवढे वय झाले की माणसे म्हणे शांत होतात. मला काही ते जमलेले नाही.

त्याला कारण आहे. माझा जन्म अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत झाला. धातूची चकती ठशावर ठेवली, वरून घण बसला आणि मी पैसा झाले. बाहेर अथांग समुद्र, बंदरात देशोदेशीची गलबते. मला वाटले, आता आपण जग पाहणार. कसले काय! इजिप्तचे नाणे इजिप्तमध्येच चालायचे. निघालेला खलाशी मला बंदरावर देऊन दुसरी नाणी घ्यायचा आणि मी पुन्हा बाजारात. गव्हासाठी, तेलासाठी, खेचराच्या भाड्यासाठी हात बदलत राहिले. त्या काळी माझा खणखणाट ऐकून लोकांचे चेहरे खुलायचे, हे मात्र खरे. पुढे कुणीतरी आम्हा सगळ्यांना मडक्यात भरून जमिनीत पुरले. तो परत का आला नाही, हे मला अजून कळलेले नाही. मातीत राहून माझ्या अंगावर किटण चढले, आणि ते नेमके गरुडाच्या शेजारी सर्वांत जाड बसले.

कधीतरी कुणाची तरी कुदळ लागली. मग या दुकानातून त्या दुकानात, या खणातून त्या खणात. ज्या समुद्रासाठी मी जीव टाकत होते, तो मी अखेर ओलांडला. पण कागदाच्या पुडीत गुंडाळलेले असल्यामुळे काही दिसले नाही. नशीब म्हणतात ते हेच!

पुडी उघडली ती एका दातांच्या डॉक्टरांनी. त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत एक मखमली ट्रे होता. माझ्या बादशहाच्या राज्यातल्या प्रत्येक वर्षाचे एकेक नाणे ते जमवत होते. आमच्या पाठीवर आम्ही राज्याच्या कितव्या वर्षाचे, हे कोरलेले असते; बहुतेकांवर वर्षाची खूण आणि आकड्याचे एखाददुसरे अक्षर. ट्रेमधला नवव्या वर्षाचा खळगा तेवढा रिकामा होता. डॉक्टरांची मुलगी त्यांच्याच दवाखान्यात दातांची डॉक्टर होती. ती चिडवायची, "बाबा, जगाचे दात बसवता आणि तुमच्याच घरात एक गायब!"

डॉक्टरांनी मला भिंगाखाली धरले आणि ते जवळजवळ ओरडलेच, "अगं, किटणाखालचा उंचवटा बघ किती लांब आहे! खाली अक्षर नाही, अख्खा शब्द असणार."

"म्हणजे?"

"तिथले लोक आकडे अक्षरांनीच लिहायचे, पण नवाचं अक्षर टाळायचे. त्यांच्या 'मृत्यू' या शब्दाचं पहिलं अक्षर तेच, म्हणून अशुभ, असं म्हणतात. मग 'नववं' हा शब्दच पूर्ण लिहायचे. आपण नाही का घरातून निघताना 'जातो' म्हणायचं टाळतो, 'येतो' म्हणतो!"

"मग हे नववंच?"

"दहावंही शब्दातच लिहायचे. दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच. आधीचं एक अक्षर दिसलं की निकाल."

त्या घरातही एक शब्द टाळला जात होता. डॉक्टरांच्या चहाचा कप बशीवर वाजायचा, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागायचा. मुलगी म्हणायची, "दमलात का?" ते म्हणायचे, "थंडी आहे जरा." उन्हाळ्यातसुद्धा!

आणि सोमवारी क्लॅरिनेटवाले येणार होते. हे डॉक्टरांचे जुने पेशंट. त्यांची दाढ कोरून भरायची होती आणि दुसऱ्या कुणाचा हात ते तोंडाजवळ येऊ देत नसत. ओठ म्हणजे त्यांचे पोट.

"बाबा, त्यांना मी बघू का?" मुलीने विचारले.

"का? मला काय धाड भरलीय?" डॉक्टर ताडकन म्हणाले. मग मला उचलून म्हणाले, "हे बघ. याचं किटण मी काढतो. हात केसभर जरी चुकला, तर सोमवारी खुर्चीशी तू. नाही चुकला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मित्रांनो, पैज त्यांची आणि अंग माझे! पण खरे सांगू? मलाही घाई झाली होती. इतकी वर्षे माझे साल कुणी वाचले नव्हते.

दुपारी त्यांनी दातांवरचे किटण काढायची आकडी घेतली, मनगटाखाली नॅपकिनची गुंडाळी ठेवली आणि काम सुरू केले. हात खरोखर कसबी होता. मातीचे कण उडू लागले, शेवटची अक्षरे एकेक करून वर आली. मुलगी शेजारी उभी होती. निकालाचे अक्षर तेवढे राहिले. तेवढ्यात आकडीचे टोक माझ्यावर टिकटिक वाजू लागले. ते आधी मी ऐकले, मग मुलीने.

"बाबा, राहिलेलं उद्या करू या ना."

"एवढ्या जवळ येऊन?"

आणि आकडी सटकली. त्या अक्षरावरून, गरुडाच्या मानेवरून, थेट काठापर्यंत लखलखीत ओरखडा उमटला. अक्षर गेले. मी नवव्या वर्षाचे की दहाव्या, ते आता कुणालाच कळणार नव्हते. मला माहीत आहे, पण मला विचारतो कोण?

मुलगीच चाचरत म्हणाली, "ही आकडी जुनी झालीय, बाबा. टोक बोथट झालंय."

मला वाटले, आता ते मान डोलावतील. त्यांनी भिंग खाली ठेवले.

"आकडी चांगली आहे गं," ते म्हणाले. "माझा हात थरथरतो. हे त्यांच्या ओठावर झालं असतं."

मग त्यांनी आकडी उलटी धरली आणि मूठ मुलीकडे केली. दवाखान्यात एकमेकांना हत्यार देतात तशी. तिने ती घेतली आणि तोंड फिरवून उगाचच बेसिनचा नळ सोडला.

सोमवारी बाहेरून क्लॅरिनेटवाल्यांची कुरकुर ऐकू आली, "डॉक्टर आहेत ना आत? मग ते का नाही बघत?" मग दाढ कोरण्याचे मशीन सुरू झाले. मागच्या खोलीत डॉक्टर उठत होते, बसत होते, दारापर्यंत जाऊन परत येत होते. त्यांनी मला ट्रेमधून काढून मुठीत धरले. त्यांच्याबरोबर मीही थरथरत होते. एकदा तर हातातून निसटून टेबलाखाली गेले. ते वाकले, पण मी त्यांना सापडेना.

मशीन थांबले. मुलगी हात पुसत आत आली आणि म्हणाली, "झालं, बाबा. ओठाला धक्काही नाही." ते टेबलाखालीच बघत राहिले. तिने वाकून मला उचलले. मला वाटले, आता ट्रेमध्ये जाऊन पडायचे. पण तिने मला पुन्हा त्यांच्याच हातात ठेवले आणि त्यांची बोटे मिटली.

मित्रांनो, जुनी नाणी कधी खरवडू नका, एवढे तर सांगायलाच हवे. गेलेले अक्षर परत येत नाही. पण तुमच्या घरात कुणाच्या हातातले काम सुटले असेल, तर तो हात रिकामा ठेवू नका. त्याला धरायला काहीतरी द्या. ते हातातून पडेल. पडू द्या, आणि उचलून पुन्हा त्याच हातात द्या.