बाकाखालची खोबण

थोरल्या सुताराला बागांची हौस आहे असं कुणी म्हणालं असतं, तर त्याची बायको पोट धरून हसली असती. झाड दिसलं की त्यातून फळ्या किती निघतील हे आधी पाहणारा माणूस! पण म्हातारपणी दोघं मुलाकडे या अवाढव्य शहरात राहायला आली आणि हा गडी दर रविवारी एकेक बाग पायी पालथी घालू लागला. सुनेनं कागदावर बागांची नावं आणि तिथवरचे रस्ते लिहून दिले. बाबा रमले, असं मुलाला वाटलं. कसले रमतात!

तो धाकट्या भावाचा माग काढत होता. भाऊ आता नव्हताच. दीड वर्षापूर्वी तो याच शहरात, भाड्याच्या खोलीत, एकटाच गेला. तो कामाला होता त्या कारखान्यातून कळवलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते. मागे बायको नाही, मूल नाही, साधा फोटोसुद्धा नाही. होतं ते एक जुनं पत्र, तेही वहिनीला लिहिलेलं: ‘इथल्या बागांची बाकं मी करतो. कधी आलात तर बसून बघा.’ दादासाठी त्यात एक अक्षर नव्हतं, आणि का नव्हतं ते दादाला चांगलं ठाऊक होतं.

त्यांचे वडील आपण केलेल्या प्रत्येक वस्तूखाली, उजव्या पायापासून चार बोटं सोडून, अंगठ्याच्या नखाएवढा काळ्या लाकडाचा चौकोन बसवत. त्यांची सहीच म्हणा ना. पुढे दोघं भाऊही तीच खूण लावू लागले. मग एक दिवस धाकट्यानं केलेली खुर्ची गिऱ्हाइकाखाली मोडली आणि थोरल्यानं चार माणसांत त्याची बिनपाण्यानं केली. “मी हो म्हणेपर्यंत बाबांच्या खुणेला हात लावायचा नाही!” धाकट्यानं मान खाली घालून ऐकलं आणि आठवड्याभरात गाव सोडलं. लाकूड ओलं होतं म्हणून खुर्ची मोडली, आणि ते ओलं लाकूड थोरल्यानं स्वतःच निवडून आणलं होतं, हे त्याला महिन्याभरानं उमगलं. लगेच तसं कळवायला हवं होतं. आज लिहू, उद्या लिहू करता करता सोळा वर्षं गेली.

आता त्याला एकच गोष्ट हवी होती. एखाद्या बाकाखाली ती खूण सापडावी. सापडली तर धाकट्यानं दादाचं बोलणं धाब्यावर बसवलं आणि तो आपल्या घराचाच राहिला, असं तरी मनाला सांगता आलं असतं.

गुडघे दगा देत होते, त्यामुळे वाकून बघायची सोय नव्हती. तो बाकावर बसे आणि हात खाली घालून चाचपडे. पहिल्या बागेत शेजारी बसलेलं एक तरुण जोडपं घाबरून उठून गेलं.

“अहो, लोक काय म्हणतील!” बायको म्हणाली.

“काय म्हणायचं ते म्हणू देत.” एवढ्यात त्याच्या घट्टे पडून बधिर झालेल्या बोटाला खड्डा लागला. “हे बघ, कीड लागलीय. असल्या सुताराच्या हातात रंधा देऊ नये.”

“पण पाठ टेकली की किती बरं वाटतं.”

“तुला टेकायला मिळालं की झालं.”

दुसऱ्या बागेत तोच खड्डा, तिसरीतही तोच. प्रत्येक वेळी त्यानं त्या अनोळखी सुताराचा उद्धार केला. चौथ्या-पाचव्या बागेत बाकं लोखंडी निघाली. सहाव्या बागेकडे चालताना तो म्हणाला, “त्याला माझं तोंड बघायचं नव्हतं. खूण कशाला ठेवील?” बायको त्याच्या कोपराला धरून चालत राहिली. तिचेही पाय भरून आले होते.

सहाव्या बागेत माळ्यानं एक बाक रंगवण्यासाठी उलटं घातलं होतं. बाकाची खालची बाजू थोरल्याला पहिल्यांदाच उजेडात दिसली. तो जवळ गेला आणि तिथंच थबकला. पायापासून चार बोटं सोडून एक खोबण होती. बारीक पटाशीनं घेतलेली, चारही कोपरे काटकोनात, तळ सपाट. कीड काही चौकोनी खात नाही.

“त्याला रंग नका लावू,” तो कसाबसा म्हणाला.

“नाहीच लावत, आजोबा,” माळी म्हणाला. “ही बाकं करणारा सुतार होता ना, त्यानं बजावून ठेवलंय. भला माणूस. मी म्हणायचो, अरे, बुजव की ते भोक. तर म्हणायचा, राहू दे, दादा हो म्हणाला की खूण बसवायचीय. सगळ्या बाकांना असंच. शंभरेक तरी असतील.”

“मग?”

“मग काय, दादा काही बोलला नसणार. तुम्ही ओळखायचात का त्याला?”

थोरल्यानं खोबणीवर बोट ठेवलं. शेवटी बायकोच हळू म्हणाली, “हेच ते दादा.”

माळ्यानं कुंचला डब्यावर आडवा ठेवला. कुठं बघावं ते त्याला कळेना.

गाव सोडताना थोरल्यानं एकच हत्यार बरोबर आणलं होतं, वडिलांचा रंधा. त्याची मूठ त्याच काळ्या लाकडाची होती. मुलाच्या गॅलरीत बसून त्यानं ती कापली. आयुष्यभर डोळे मिटून केलेलं काम, आता पाच तुकडे वाया गेले. सहावा जमला तेव्हा शनिवार उजाडला होता.

रविवारी दोघं पुन्हा पहिल्या बागेत गेली. बायकोच्या खांद्याचा आधार घेत तो आधी एक गुडघा, मग दुसरा टेकून बाकाखाली शिरला. तुकडा खोबणीत ठेवून अंगठ्यानं दाबला. तो आत गेला आणि घट्ट बसला, सरस लावायची गरजच पडली नाही. वडिलांचं माप धाकट्यानं तसूभरही ढळू दिलं नव्हतं.

“हो,” थोरला म्हणाला. “हो रे. लाव खूण. चूक माझी होती.”

हे ऐकायला धाकटा नव्हता. थोरल्यानं बाकाच्या पायाला कपाळ टेकवलं आणि तो हमसून हमसून रडला.

बायको बाकावर बसली, दिरानं पत्रात सांगितलं होतं तशी, नीट पाठ टेकून. नवऱ्याला उठवायची तिनं घाई केली नाही.