परतीचे टाके

नीलगंगव्वाची सुई कापडातून वर आली आणि तिथंच थांबली. रथाची तिसरी पायरी भरून झाली होती. आता डावीकडे वळायचं की वर चढायचं? चाळीस वर्षांत हे तिला कुणाला विचारावं लागलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

समोर दानम्मा वाट बघत होती. शेजारची सून, तिशीतली. दोन वर्षांपूर्वी ती कसूतीचं भरतकाम शिकायला आली होती आणि महिन्याभरात सुई ठेवून गेली होती. नीलगंगव्वाचा हात इतका भराभर चाले, की बघणारीला फक्त वारा लागे. यंदा म्हातारीनं तिला स्वतः बोलावून घेतलं. तेराचा, म्हणजे देवाच्या रथाचा हा नमुना गल्लीत दुसऱ्या कुणाला येत नव्हता, आणि तिच्या हातातून तो रोज थोडाथोडा निसटत होता. पुरता जायच्या आत दुसऱ्या हातात पडायला हवा होता. हुबळीला राहणाऱ्या आपल्या मुलाला तिनं काही कळू दिलं नव्हतं. तो आधी सुई काढून घेईल, मग घर.

"धागे मोज," ती म्हणाली. तेवढाच विचाराला वेळ.

जाताना एकाआड एक टाका सोडायचा, येताना सोडलेले भरत यायचं. गाठ मारायची नाही; कापडाची पाठ पोटासारखीच दिसायला हवी. एक वळण चुकलं तर धागा घरी परतत नाही. म्हणून नीलगंगव्वा प्रत्येक वळण मोठ्यानं बोलत शोधू लागली. डावीकडे गेलो तर हा टाका उघडा राहतो, म्हणजे वरच. मग का वर, तेही.

दानम्माला ते पटापट कळत गेलं.

"अव्वा, तेव्हा तुम्ही शिकवत नव्हता, नुसत्या करत होता. आता बऱ्या मऊ झालात."

"दात पडल्यावर माणूस मऊच होतं."

दिवाळीपर्यंत दानम्माचा पहिला रथ उभा राहिला. दुसरा तिनं बहिणीच्या काळ्या इरकलीवर घेतला. सासूच्या कागाळ्या सांगत होती नि सुई आपली चालली होती. एका दुपारी तिनं पाठ उलटून दाखवली. एक धागा चुकला नव्हता.

त्याच सकाळी नीलगंगव्वा एका चिंधीवर तीनदा अडकली होती. ती सरकून जवळ बसली.

"तिसऱ्या पायरीवरून कशी वळलीस, सांग बघू."

दानम्मानं तोंड उघडलं. बोट डावीकडे नेलं, मग वर, आणि हसली.

"सांगायला गेलं की चुकतंय हो. बघाच तुम्ही."

नीलगंगव्वा वाकून, डोळे बारीक करून बघत राहिली. चार टाके पडले. तिला एकाचंही वळण सापडलं नाही.

"परीक्षा घेत होता ना?"

"हो."

"मग? उद्या येऊ?"

नीलगंगव्वानं कापडावरून एकदा हात फिरवला, सुलट आणि उलट.

"कशाला? तुला येतंय आता."