सावलीत ठेवलेली जीप

हो, मीच बोलतेय. वडिवळ्याच्या वरच्या वाडीत, मंगलच्या अंगणात उभी असलेली हिरवी जीप. वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी वितळून त्यांच्या सळया झाल्या असतील.

पहिली काही वर्षं मी लोणावळ्याच्या एका बंगल्यावर होते. शनिवार-रविवार पाहुण्यांना मिरवायचं आणि बाकीचे दिवस ताडपत्री पांघरून पडायचं. माणसांना हौस भारी, पण तीही सुट्टीपुरतीच! पुढं बंगला विकला गेला आणि मला मंगलनं घेतलं.

मंगल वाडीचीच. आधी ती दुसऱ्यांच्या खाचरात लावणीला जायची. मी आल्यावर ती स्वतः गाडी शिकली आणि वाडीतल्या बायकांना कामशेतला न्यायला-आणायला लागली. कुणी कामावर जायची, कुणी भाजी विकायला. त्या चढणीनं माझा दम काढला. मी तेल पाण्यासारखं प्यायला लागले, मागं निळा धूर सोडायला लागले.

तेव्हा कामशेतच्या निलेशनं माझं इंजिन उतरवलं आणि नवे पिस्टन, नव्या रिंगा घालून बांधायला घेतलं. तोवर माझा सांगाडा गॅरेजबाहेर उन्हात उभा होता. मंगलला ते बघवेना.

"भाऊ, हिला उन्हात नगा ठिवू. शेजारच्या भातगिरणीच्या पत्र्याखाली ढकला," ती म्हणाली. तसं मला ढकलत नेलं. माझा रेडिएटर काढून मागच्या सीटवर आडवा ठेवला होता, तोही माझ्याबरोबर गेला.

इंजिन बसलं. आवाज असा गोड, की माझीच मला दृष्ट लागेल असं वाटलं. पण पहिल्याच चढणीला काटा लाल पट्टीत आणि बोनेटमधून वाफ!

"नवं इंजिन घट्ट असतं ताई, थोडं तापणारच," निलेश म्हणाला.

थोडं कसलं! बायका अर्ध्या वाटेत उतरून चालायला लागल्या. त्यांतली गंगी तर पाण्याचा कॅन मांडीवर घेऊनच बसायची. निलेशनं पाण्याचा पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर आतून धुतला. मी तापतच राहिले. एक भंगारवाला येऊन माझ्या दारावर टिचक्या मारून गेला. मी गेले की मंगल परत दुसऱ्यांच्या खाचरात, हे तिला कळत होतं आणि मलाही.

त्याच भीतीनं एक दिवस गॅरेजसमोर, चहा पिणाऱ्या सगळ्यांदेखत ती बोलून गेली, "भाऊ, आमी वाडीवरची म्हून जुन्याच रिंगा घातल्या काय?"

निलेशचं तोंड उतरलं. त्यानं लगेच पाना उचलला. इंजिन पुन्हा उघडलं, एकेक रिंग तपासली. सगळं ठीक. ज्याला आपल्या कामाची चाड असते, तो चूक आधी आपल्याच कामात शोधतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबा, आत नाही, पुढं बघ! पण माझ्याकडं बोलायला हॉर्न तेवढा, आणि तोही दुसऱ्यानं दाबावा लागतो.

रविवारी तो आपणहून वाडीवर आला. माझी पुढची जाळी काढून, बोनेट उघडून विचार करत बसला. तेवढ्यात मंगलच्या सासूच्या, सरूबाईच्या कोंबड्या बंपरवर चढल्या आणि रेडिएटरला टोचा मारायला लागल्या. त्यानं हाकलल्या, त्या परत आल्या.

"आरं, कणी गावत आसंल त्यास्नी. उगा कशाला येतील?" सरूबाई म्हणाली.

निलेश चमकला. त्यानं रेडिएटरच्या बारीक पात्यांत तार घातली, तर तारेबरोबर भाताचा कोंडा आला. पाइप लावून मागून पाणी मारलं, तसा कोंड्याचा चिखलच वाहायला लागला. गिरणीत उडणारा कोंडा तेलकट पात्यांत घट्ट बसला होता. वारा जायला जागाच नव्हती.

मंगल बघत उभी होती. उन्हानं तापू नये म्हणून तिनं मला सावलीत ठेवलं आणि त्या सावलीनंच मला तापवलं.

"गिरणीत ठिवा, मीच म्हन्ले व्हते," ती हळूच म्हणाली.

"झाकून ठेवायचं काम माझं होतं," निलेश म्हणाला आणि हात पुसत निघाला. जेवायला थांबा म्हटलं, तरी थांबला नाही. मला फार वाईट वाटलं.

आता मी ती चढण एका दमात चढते. बायका वरपर्यंत बसून येतात. माझं मागणं एवढंच: माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र दुरुस्तीनंतरही रुसलं, तर लगेच ते फाडायला घेऊ नका, की करणाऱ्याला बोल लावू नका. आधी त्याचं तोंड धुऊन बघा.

पण सोमवारचं सांगायचं राहिलंच. मंगलनं मला बायकांसकट सरळ गॅरेजसमोर नेलं. चहाला तीच माणसं होती. मंगल खाली उतरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "निलेशभाऊंनी इंजिन बेस बांधलंय. चूक माझी व्हती. मी उगा बोल लावला त्यास्नी."

निलेश एका टेम्पोखाली पडून काम करत होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. ठोकण्याचा आवाज थांबला. खालून तो खरखरत्या आवाजात म्हणाला, "ताई, बायकांचा खाडा होईल. निघा तुम्ही."

माझ्या इंजिनातली बारीकशी खरखर ओळखणारा माणूस तो. पण त्या दिवशी स्वतःचा घसा काही त्याला दुरुस्त करता आला नाही.