जवळच्या नजरेचं कार्ड

टेबलावर पाण्याचा पेला आहे.

ही सगळ्यात मोठी ओळ. ती कोणीही वाचतं. चष्मेवाल्याच्या बायकोनंही वाचली.

"पुढची," चष्मेवाला म्हणाला.

"ती कुलूप उघडते आणि आधी मला आत जाऊ देते."

"पुढची."

"रविवारी ती बटणं शिवते, एक माझं, एक उशीचं."

चष्मेवाल्याचा हात जागीच थांबला. कार्डावर आता तसं लिहिलेलं नव्हतं.

"चेष्टा करतेस?"

"कसली?"

"तिसरी परत वाच."

तिनं कार्ड थोडं जवळ घेतलं, पुन्हा लांब धरलं, आणि परत बटणं शिवली. मग त्यानं न सांगताच खालच्या दोन बारीक ओळीही म्हणून टाकल्या. "झालं ना? बाहेर गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणत उठायला लागली.

त्यानं कार्ड घेतलं, खालचं वर केलं आणि पुन्हा तिच्या हातात दिलं.

"एकदा शेवटचं."

उलट्या कार्डावरून तिनं पाचही ओळी न अडखळता वाचल्या.


ती कुलूप उघडते आणि आधी मला आत जाऊ देते.

कार्डाची हकिकत अशी. चष्म्याच्या दुकानात लांबचं बघायला भिंतीवर तक्ता असतो आणि जवळचं बघायला हातात कार्ड. ओळी वरून खाली बारीक होत जातात. कंपनीच्या कार्डावर सूर्य पूर्वेला उगवतो, गाय दूध देते, असला मजकूर. बारा वर्षांपूर्वी चष्मेवाल्यानं छापखान्यात जाऊन त्याच मापाच्या अक्षरांत स्वतःच्या ओळी छापून आणल्या. त्यांना कविता म्हणायला तो लाजायचा. वहीत ठेवल्या तर कोण वाचणार? इथं दिवसाला पंधरा माणसं वाचत होती, तीही मोठ्यानं.

एक निवृत्त मास्तर तर चिडले होते. "अहो, पाण्याचा पेला टेबलावर आहे, मग पुढे काय? कोणी प्यायलं का नाही?"

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय हो. पटत नाहीये."

चष्मेवाल्याला डोंगर-समुद्र कधी सुचले नाहीत. समोर होती ती बायको. काउंटरच्या कोपऱ्यावर बसून मऊ फडक्यानं काचा पुसणारी, फ्रेमचे स्क्रू पिळणारी. तिच्याकडे बघितलं की ओळ यायची. पण ओळ तिच्याबद्दल आहे हे सांगायची हिंमत त्याला संसारात कधी झाली नाही.

वर्षातून एकदा दुकानाची सफाई निघाली की तो तिलाही तपासणीच्या खुर्चीत बसवायचा. मशीन नंबर सांगतं. दिसतं की नाही ते माणसानं सांगायचं असतं. ती वाचायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. तेवढ्यापुरता तो तिचे डोळे तपासतच नव्हता.


हल्ली ती बटणं शिवत नाही.

नवी ओळ ही. मागच्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं की शर्टाचं बटण शेजारच्या शिंप्याकडून लागून येतंय. माझा कंटाळा आला असेल, असं त्याला वाटलं. दोन दिवस मन लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ओळ बदलली; नवं कार्ड छापून आलं ते तपासणीच्याच सकाळी, आणि पहिल्यांदा तिच्याच हातात दिलं. ओळ आधीच्यापेक्षा बरी झाली म्हणून खूशही झाला होता.

तपासणीनंतर तो तिला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेला; त्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो दाखवले. दोन्ही डोळ्यांत ऐन मध्यावर व्रण.

"तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर इंजेक्शनं देऊन बरंच राखता आलं असतं. आता गेलं ते गेलं." मग फाइलवर नजर टाकून त्या म्हणाल्या, "तुमचं चष्म्याचंच दुकान ना? दरवर्षी तपासत होता म्हणता?"

"हो."

"आणि यांना वाचता येत होतं?"

बायकोच म्हणाली, "येत होतं हो. सगळ्यात बारीकसुद्धा."


ती काचा पुसते, तेवढ्यात संध्याकाळ होते.

घरी आल्यावर दोघं कपडे न बदलता पलंगाच्या कडेला बसून राहिले.

"सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? आधी दिसायचं. मग कमी दिसायला लागलं, पण ओळी येतच होत्या. दिवसभर कानावर पडतात. मला वाटायचं, वाचतेय."

"आणि सुई?"

"सुई नाही ओवता यायची. म्हटलं, वय झालं." ती थांबली. "खरं सांगू? मागच्या वर्षी कळलं होतं, की वाचत नाहीये, पाठ म्हणतेय. पण तुमचा तो आवाज. 'पुढची' म्हणताना अगदी पेढा मागितल्यासारखा."

"तुला ठाऊक होतं? ओळी माझ्या आहेत ते?"

"नाहीतर काय. कंपनीला काय ठाऊक, कुलूप कोण उघडतं."

बारा वर्षं त्यानं तिची हालचाल न् हालचाल टिपली होती.


बरं वाटतं का तुला इथं, विचारायचं राहिलं.

"माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "काय दिसतं?"

तिनं मान वळवली.

"कडेकडेचं दिसतं. कान दिसतात. खांदे दिसतात. मधे तुम्ही असाल, असं धरून चालते."

त्याच्या मनात ते लगेच ओळीसारखं उभं राहिलं. सुट्टं, कापून घेण्याजोगं. त्याची त्यालाच किळस आली. तरी अंधारत चाललेल्या खोलीत हात खिशाकडे गेला आणि पेनाचं टोपण निघालं. तो आवाज तिला ओळखू आला.

"लिहा," ती म्हणाली. "विसराल."

"नाही लिहायचं."

ती उठली. भिंतीवरून हात फिरवत तिनं बटण शोधलं आणि दिवा लावला.

"अंधारात नका लिहू. डोळे जातील."