मगरीची बातमी आणि नेक सौदाचा भात

हुस्नियाला बोलायला हात लागतात. ते बांधले तर तिची जीभही बांधली जाईल, असं माझं मत आहे, आणि कॅमेऱ्यामागे उभं राहून माझे केस पिकलेत.

जकार्ताच्या वाहिनीने तिला सकाळच्या बातम्यांत थेट बोलायची एक संधी दिली होती. जमलं तर ती त्यांची पोंतियानाक शहराची बातमीदार, नाही तर पुन्हा आमच्या गावच्या केंद्रावर मिरचीचे भाव वाचायचे. "हात खाली, नजर कॅमेऱ्यात," बातम्यांच्या प्रमुख बु रेत्नो, म्हणजे रेत्नोबाई, यांनी बजावलं होतं. "हललीस तर दुसरी संधी नाही."

बातमी होती कापुआस नदीतल्या मगरीची. नेक म्हणजे आजी, आणि नेक सौदा ही नदीकाठच्या त्या अख्ख्या वस्तीची आजी. तिच्याच घराच्या पायऱ्यांशी मगर दिसली होती, आणि आम्ही तिथेच लाकडी धक्क्यावर उभे होतो.

"बांग, हे हात ठेवू कुठे?" ती मला म्हणाली. आमच्याकडे दादाला बांग म्हणतात.

"खिशात घाल."

"या कपड्यांना खिसाच नाहीये."

"मग मगरीला दे. बातमी तिचीच आहे."

ती हसली, आणि तेवढ्यात आम्ही पडद्यावर आलो. सुरुवात झकास झाली. हात खाली, नजर समोर, अगदी शाळेच्या फोटोतल्यासारखी. मला तर ती ओळखूच येईना.

मग नेक सौदा ताट घेऊन बाहेर आली. नारळाच्या दुधात शिजवलेला पिवळा चिकट भात. "आधी खाऊन घ्या रे पोरांनो, मग त्या मेलीचं कौतुक करा."

ताट थेट हुस्नियाच्या हनुवटीखाली आलं. तिच्या कानातल्या यंत्रात बु रेत्नो कडाडल्या, मलाही ऐकू आलं. "कोण आहे ती? बघू नकोस तिकडे. बोलत राहा."

आता जकार्ताला काय कळणार? आमच्याकडे पुढे आलेलं अन्न टाळून कुणी पायरी उतरत नाही. खायचं नसेल तर निदान बोट लावून ओठाला टेकवायचं. तेवढंही केलं नाही तर वाटेत साप, नाही तर मगर. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या?

हुस्नियाने एकदा ताटाकडे पाहिलं. मग तिने सगळ्या देशासमोर हात उचलला, भाताला बोट लावलं आणि ओठाला टेकवलं.

"माफ करा," ती म्हणाली, "पण मगर इथून फार लांब नाही, आणि आजीचा भात नाकारून या पायऱ्या उतरायची माझ्यात हिंमत नाही."

मग काय, दोन्ही हात सुटले. तिने नेक सौदालाच शेजारी ओढलं. मगर किती मोठी होती, कुठे पहुडली होती, आजीने तिला काय सुनावलं, सगळं निघालं. "मी म्हटलं, तुझ्या वाटणीचं काही केलेलं नाही, नीघ," नेक म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि हा उपाशीच?"

मीही बोट पुढे केलं. कॅमेरा कलंडला आणि देशाला नेकच्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसलं. तिकडे निवेदकाला हसू आवरेना.

प्रक्षेपण संपल्यावर हुस्निया पायरीवर बसली. "गेलं, बांग."

"गेलं तर गेलं. भात खा."

ती मूठभर भात तोंडात कोंबते तोच फोन वाजला. मी स्पीकर लावला. बु रेत्नो.

"हात हलले."

"हो, बु."

"नजरही हलली. कॅमेरासुद्धा."

"तो दोष माझा," मी मध्येच म्हणालो.

"उद्या त्याच जागेवरून बोलायचं, त्या आजींना घेऊन. आणि हात मोकळे ठेव. नेमणुकीचं आज कळवते."

हुस्नियाने भाताच्या हाताने माझा शर्ट धरला. मला इतका आनंद झाला की शर्टाचंही वाईट वाटलं नाही.

पण बु रेत्नो फोन ठेवेनात. त्यांचा आवाज खाली आला. "हुस्निया, मला आता मोटरसायकलवरून घरी जायचंय. ते ताट माझ्या पडद्यावरही आलं होतं. खरं सांगते, खावासा वाटला तो भात. मला काही होणार नाही ना?"

हुस्नियाने फोन नेकच्या हातात दिला.

"अजून दिसतोय का भात?" नेकने विचारलं.

"थांबवून ठेवलाय पडद्यावर."

"मग लाव बोट, पोरी."

फोनमधून काचेवर नख वाजल्याचा आवाज आला.

"आता ओठाला."

"लावलं," बु रेत्नो म्हणाल्या.