नातं बाहेर

प्रतिष्ठानचे नियम तसे थोडेच होते, आणि त्यातले निम्मे कोणी मनावर घेत नसे. बैठकीला वेळेवर यायचं हा पहिला नियम, आणि तो केला तरी कशाला असं वाटावं अशी त्याची गत होती. पण एक नियम सगळे डोळ्यांत तेल घालून पाळायचे. ज्या वर्गाचा विषय निघेल त्याच्याशी कोणाचं नातं असेल, तर त्या माणसाने उठायचं, बाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं, आणि आतून बोलावणं येईपर्यंत त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही. सगळे त्याला 'नातं बाहेर' म्हणत. हा नियम ताईने भांडून करून घेतला होता, आणि आज त्यानेच तिला बाहेर काढलं होतं.

ताई म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. सार्वजनिक शाळांना सरकार भिंती देतं, फळे देतं, शिक्षकही देतं, पण गाणं, सुतारकाम, बुद्धिबळ असलं काही निघालं की सरकारचा हात आखडतो. म्हणून भागातल्या लोकांनीच हे प्रतिष्ठान काढलं होतं. पगार कोणालाच नाही. दिवसभर आपापला धंदा सांभाळायचा, संध्याकाळी शाळेच्या वाचनालयात मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचं आणि कोणत्या शाळेत कोणता वर्ग चालवायचा ते ठरवायचं. मागे एका सभासदाने आपल्या भाच्याचा बुद्धिबळाचा वर्ग गोडीगुलाबीने मंजूर करून घेतला. भाच्याला घोडा कसा चालतो हेही धड माहीत नव्हतं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्या रागातून हा नियम जन्माला आला.

वाचनालयाबाहेरच्या लांबट व्हरांड्यात एक बाक होतं. त्यावर ताई बसली होती, आणि तिच्या शेजारी ज्याच्या वर्गाचा आत निकाल लागत होता तो तिचा धाकटा भाऊ. शाळेत सगळे त्याला मास्तर म्हणत. तो शाळा सुटल्यावर मुलांना गाणं शिकवायचा. बायको गेल्यापासून त्याचं घर म्हणजे झोपण्यापुरतं उरलं होतं. जेवणाची शुद्ध नसे, कपड्यांना इस्त्री नसे, पण गाण्याच्या वर्गाला तो कधी चुकला नाही. त्या पोरांमुळेच हा माणूस सकाळी उठतो, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

तिला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्या दोघांखेरीज कोणालाच नव्हती. मास्तरला ऐकू येईनासं झालं होतं.

सुरुवातीला तिला तो विसरभोळा झालाय असं वाटलं. मग एके दिवशी दुकानात ती त्याच्या पाठीमागून बोलत राहिली आणि तो शांतपणे बाटल्यांवरची नावं वाचत राहिला. डॉक्टर झाले, कानाचं यंत्र झालं. यंत्र त्याने दोन दिवस लावलं आणि काढून ठेवलं. "आवाज येतो गं ताई, सूर येत नाही. सगळं पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं," असं म्हणाला आणि तिच्याकडून वचन घेतलं. कोणाला सांगायचं नाही, म्हणजे नाहीच. तिने दिलं. समोर बसून बोललं की त्याला ओठांवरून बरंचसं कळायचं, त्यामुळे दिवस निघत होते.

आणि आता दारावरच्या उघड्या झरोक्यातून आतलं सगळं बोलणं ताईला स्वच्छ ऐकू येत होतं. शेजारच्या भावाला त्यातलं काहीच येत नव्हतं.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"अजून सुतारकामाचंच चाललंय," ताई म्हणाली. सुतारकामाचा विषय कधीच संपला होता आणि तो वर्ग घेणारे शिक्षक खुशीत घरी गेले होते.

आत बेकरीवाला बोलत होता. कोणताही वर्ग पुढे चालू ठेवायचा तर आधी एक सभासद न कळवता जाऊन मागच्या बाकावर बसून येई. यंदा गाण्याच्या वर्गाला तो गेला होता. माणूस सरळ, पण एकदा डोक्यात काही बसलं की निघायचं नाही. त्यात तरुणपणी कुठल्याशा गायनवृंदात तो गायलेला. दुसरा कोणी गेला असता तर मुलांचे गोड चेहरे बघून परत आला असता.

"अर्धी पोरं एका वाटेने, अर्धी दुसऱ्या," तो सांगत होता. "हे आपले मान हलवतायत. एका पोराने तोंड वासून नुसती बोंब ठोकली, त्याला शाबासकी. मला आधी वाटलं गंमत करतायत. पण नाही. यांचं लक्षच नाही हो. हात पियानोवर, मन भलतीकडे. पोरं काय गातात याच्याशी या माणसाला काही देणंघेणं नाही."

"तुमची खात्री आहे?" हा आवाज वकीलबाईंचा. त्या अध्यक्ष होत्या, आणि कोणाला एकदम चूक ठरवायची त्यांना सवय नव्हती.

"मी शेवटपर्यंत बसलो होतो. पाट्या टाकतायत. लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेल्या वर्गणीवर."

ताईचे कान तापले. पाट्या टाकणारा? आदल्या आठवड्यात ताप अंगात घेऊन पोरांपुढे उभा राहिलेला हा माणूस? तिला वाटलं, असंच उठावं, दार ढकलावं आणि त्या बेकरीवाल्याला चार शब्द सुनावावेत. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलायला नियमाने तिला बंदी होती, वचनाने तर होतीच होती. आणि ते बोललं की वर्ग वाचणार होता असंही नव्हतं. ज्याला सूर ऐकू येत नाही त्याच्या हाती गाण्याचा वर्ग कोण ठेवील? गप्प राहिलं तर नाव जाणार, बोललं तरी वर्ग जाणारच. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"माझं निघालं का गं?" मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होता. हल्ली तो सगळ्यांच्याच तोंडाकडे असा बघायचा.

"निघालं."

"मग?"

"बरं बोलतायत," ताई म्हणाली.

त्याचे खांदे एकदम सैल पडले. तो हसला. ते हसू बघून ताईला रडूच यायचं बाकी राहिलं, पण तिने चेहरा पडू दिला नाही. चेहरा पडला असता तर त्याने तोही वाचला असता.

आत वकीलबाई सावकाश बोलत होत्या. "वर्ग थांबवणं वेगळं आणि हे वेगळं. कोणी जाणूनबुजून मुलांना फसवत असेल, तर मुख्याध्यापिकांच्या कानावर घालायला हवं. पुढे दुसऱ्या शाळेतही त्यांना घेऊ नये असं आपल्याला कळवावं लागेल. ताईंना वाईट वाटेल, पण इलाज नाही."

"ताईंनाही आधी विचारू या का?" ग्रंथपालबाईंनी चाचरत विचारलं. वाचनालय त्यांचं होतं, पण बैठकीत त्यांचा आवाज बेताचाच.

"नातं बाहेर," बेकरीवाला म्हणाला. "नियम त्यांचाच आहे."

आणि नेमका त्याच वेळी मास्तर ताईच्या कानाशी वाकला. आपण कुजबुजतोय असं त्याला वाटत होतं. आपला आवाज केवढा लागतो हे त्या बिचाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. तो जे बोलला ते व्हरांड्याच्या पार टोकापर्यंत गेलं.

"म्हणजे त्या बेकरीवाल्याला काही कळलंच नाही म्हणायचं. मी जाम घाबरलो होतो गं. मागे बसलेला बघितला आणि वाटलं, संपलं, आता हा पकडणार आपल्याला."

ताईने त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. आत खुर्ची सरकली. "ऐकलंत?" बेकरीवाला म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने."

दार उघडलं. वकीलबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे बेकरीवाला हाताची घडी घालून उभा होता.

"मास्तर," वकीलबाई म्हणाल्या, "काय पकडलं जाणार होतं?"

मास्तर उठून उभा राहिला. त्यांचे ओठ त्याने वाचले होते, पण हा प्रश्न आला कुठून ते त्याला उमगेना. तो आधी त्यांच्याकडे बघत राहिला, मग बेकरीवाल्याकडे, आणि मग त्याचा चेहरा उतरला. तो बहिणीकडे वळला.

"तू सांगितलंस?"

"ताई, तुम्हाला बोलता येणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. दुष्टपणा नव्हता त्यात. नियम होता.

"मी आत आलेच नाहीये," ताई म्हणाली. "मी बाहेर उभी आहे आणि माझ्या भावाशी बोलतेय."

ती त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी, आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"मी नाही सांगितलं. तू मोठ्याने बोललास, ते त्यांना ऐकू गेलं. आणि मी तुला मघाशी खोटं सांगितलं. ते बरं बोलत नव्हते. तुझं लक्ष नाही, तू कामचुकार आहेस, पोरांना फसवतोस, असं ते म्हणतायत. शाळेला कळवणार आहेत. आता तुझं तू ठरव."

कामचुकार हा शब्द मास्तरला लागला होता, ते त्याच्या जबड्यावरून दिसत होतं. ताईला भीती वाटत होती की तो म्हणेल, म्हणू देत कामचुकार, चालेल. मान खाली घालून निघून जाईल, आणि उद्या सकाळी उठणार नाही. तो तसा हट्टी होता. एवढं वाटूनही ती बाजूला झाली नाही.

"मला ऐकू येत नाही," मास्तर वकीलबाईंना म्हणाला. "लोक बोलतात ते बघून कळतं. गाणं बघून कळत नाही."

बेकरीवाल्याची हाताची घडी सुटली. त्या क्षणी ताईला त्याचीही दया आली. त्याने पाहिलेलं एकूण एक खरं होतं. कारण तेवढं चुकलं होतं.

"तुम्ही बसा ना आत," ग्रंथपालबाई म्हणाल्या. पण त्यांचं तोंड त्याच्याकडे नव्हतं, त्यामुळे ते वायाच गेलं.

"मी बोटांनी वाजवतो," मास्तर सांगत होता. त्याला आता आवाज सांभाळायची गरज राहिली नव्हती. "इतकी वर्षं वाजवलंय, बोटं चुकत नाहीत. पोरांची तोंडं बघतो. नीट उघडलं तोंड की समजतो नीट गातंय. ताई दर कार्यक्रमाला येते. दर वेळी म्हणते, छान झालं." तो बोलता बोलता थांबला. मग बहिणीकडे वळून त्याने एवढंच विचारलं, "छान होतं ना गं?"

सगळे ताईकडे बघायला लागले. नियमाची आठवण या वेळी कोणी करून दिली नाही. दिली असती तर ताईला बरं झालं असतं.

"नाही," ती म्हणाली. "गेल्या वर्षीपासून नाही."

"सगळीच बेसूर गातात?"

"मागच्या रांगेतली एक बारकी मुलगी आहे. दोन वेण्यांची. ती तेवढी गाते. बाकीच्यांच्या गलक्यात तिचं कोणाला कळत नाही."

"ती?" मास्तर म्हणाला. "तिला मी मागे घातली. तिचं तोंड उघडतच नाही."

तो पुढे होऊन उंबरठा ओलांडून आत गेला आणि मुलांच्या एका खुर्चीवर बसला. बाकीचेही बसले. ताई दाराबाहेरच उभी राहिली. तिला आत या असं कोणी म्हणालं नाही, आणि तिला स्वतःहून जाववेना.

"वर्ग बंद करू नका," मास्तर म्हणाला. "माणूस बदला. शाळेला काय कळवायचं ते कळवा, पण खरं कळवा."

वकीलबाईंनी मान हलवली. बेकरीवाल्याने घसा खाकरला आणि, नवीन कोणी मिळेपर्यंत आपण संध्याकाळी भट्टी मुलाकडे सोपवून येऊ शकतो, असं तो टेबलाकडे बघत म्हणाला. मास्तरला ते कळलं नाही. ग्रंथपालबाईंनी कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवलं. त्याने वाचलं आणि बेकरीवाल्याकडे बघून हात जोडले. बेकरीवाल्याला कुठे बघावं ते सुचेना.

"उद्याचा वर्ग तेवढा मला घेऊ द्या," मास्तर म्हणाला. "तिला पुढे उभी करायचीय. मी मागे घातली, तर मीच पुढे आणायला हवी. दुसऱ्या कोणी आणली तर तिला वाटेल, मास्तर रागावून गेले."

वकीलबाईंनी डोळे पुसायला चष्मा काढला होता आणि मान वळवली होती. "हो, घ्या," त्या म्हणाल्या, पण ते भिंतीकडे बघून.

मास्तरने सवयीने दाराकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

"हो म्हणाल्या," ताईने सांगितलं.

तो थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग खात्री करून घ्यायला वकीलबाईंकडे वळला.